ताटीच्या आत कोण आहे?



कार्तिक वद्य त्रयोदशी हा श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीचा दिवस. त्या दिवशी आळंदीस इंद्रायणीच्या काठी वारकऱ्यांचा केवढा मेळा लोटतो, हे आपणांस ठाऊकच आहे. ज्यांना तेथे जाणे घडत नाही असे आपल्यासारखे सुरतवासी मराठी जन हरिपाठ म्हणून आणि कीर्तन ऐकून आपापल्या ठिकाणी ती तिथी पाळतात. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांची कथा आपण बालपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की, तिच्यातील एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून निसटून गेली आहे. ती ही की, ही मुले होती.

आपल्या देव्हाऱ्यातील तसबिरींत त्यांच्या मस्तकांमागे तेजोवलय असते, मुद्रा शांत असते, आणि त्यामुळे त्यांचे वय आपल्या ध्यानात येत नाही. परंपरेतील सनावळी पाहिली तर निवृत्तिनाथांचा जन्म शके 1195 मधला, ज्ञानदेवांचा 1197 मधला, सोपानदेवांचा 1199 मधला आणि मुक्ताबाईंचा 1201 मधला. शुद्धिपत्रासाठी ही भावंडे पैठणास गेली तेव्हा थोरला भाऊ चौदा वर्षांच्या आसपास आणि धाकटी बहीण जेमतेम आठ वर्षांची होती. म्हणजे आपल्या घरात जी मुले सातवी-आठवीत शिकतात आणि जी मुलगी तिसरीचे दप्तर घेऊन जाते, तेवढी ही मुले. या मुलांना गाव काय म्हणत होते? संन्याशाची पोरे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, पुढे गुरूंच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला, आणि या कृत्याबद्दल धर्मसभेने त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. आईबापांनी प्रयागास देह ठेवला असे चरित्रकार सांगतात. अपराध असला तर तो आईबापांचा. प्रायश्चित्तही त्यांनीच घेतले. तरीही मुलांच्या मागे लागलेले ते नाव सुटले नाही.

आजच्या प्रवचनाचा विषय हाच आहे. मुलाच्या मागे लागलेले नाव, त्यामागे चालणारा छळ, आणि तो वडीलधाऱ्यांना का दिसत नाही.

पैठणची कथा घ्या. ब्रह्मवृंदासमोर ज्ञानदेव उभे असता कोणीतरी त्यांच्या नावावरून थट्टा आरंभिली. नावात काय आहे, तो पाण्याची पखाल वाहणारा रेडा आहे ना, त्याचेही नाव ज्ञाना आहे, असे कोणीतरी म्हणाले आणि सभा हसली. पुढचा चमत्कार आपण सारे जाणतो. रेड्याच्या मुखातून वेद वदविला गेला. पण त्याच कथेत त्याआधी एक गोष्ट येते, तिच्याकडे आपले लक्ष थोडे कमी जाते. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला गेला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटला. भाविक या प्रसंगात सर्वभूती एकात्मता पाहतात आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र त्यात आणखी एक अर्थ दिसतो. हसणाऱ्या सभेला वाटले की, शब्द रेड्याविषयी बोलला गेला, मुलाला त्याचे काय? वळ मात्र मुलाच्या पाठीवर होता. सभेला तो दिसला, कारण संतांच्या बाबतीत ईश्वराने तो दृश्य केला. आपल्या घरातील मुलाच्या बाबतीत तो दृश्य होत नाही. तो आपल्यालाच शोधावा लागतो.

कसा शोधावा? याचे उत्तरही आळंदीच्या कथेतच आहे. पैठणहून परतल्यावर आळंदीत एके दिवशी ज्ञानदेव बाहेर गेले असता कोणीतरी त्यांचा अपमान केला. ते परत आले आणि त्यांनी पर्णकुटीची ताटी लावून घेतली. ताटी म्हणजे झाप, बांबूकामट्यांचे हलके दार. कोणाला काही सांगितले नाही, आरडाओरडा नाही, तक्रार नाही. दार लावून आत बसले. मुक्ताबाईने बाहेर बसून जे विनविले ते ताटीचे अभंग म्हणून आपल्या भजनांत गायिले जातात. त्या अभंगांतील तत्त्वज्ञानावर आजवर पुष्कळ निरूपणे झाली आहेत. आपण क्षणभर केवळ प्रसंगाकडे पाहू. दुखावलेले मूल काय करते? ते ताटी लावते. ज्ञानियांच्या राजाने जे केले तेच तुमचे-आमचे मूल करते.

आता आपली घरे पाहा. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत आपली वस्ती मोठी. तापीच्या खोऱ्यातून, भुसावळ-जळगाव-नंदुरबारकडून येणाऱ्या लोहमार्गाने आपले पुष्कळसे वाडवडील या नगरीत आले आणि मागांच्या खडखडाटात त्यांनी संसार उभे केले. कित्येकांचे घर म्हणजे एक खोली, फार तर दोन. वडील बारा तासांच्या पाळीवर; आई घरी आणलेल्या साड्यांना लेस आणि टिकल्या लावण्यात वाकलेली. अशा घरात मुलाने ताटी लावावी म्हटले तरी ताटी आहे कोठे? म्हणून ते भिंतीकडे तोंड करून निजते, किंवा चादर डोक्यावरून ओढून घेते, किंवा मोबाईलमध्ये डोके घालून बसते आणि कोणी जवळ आले की तो झटकन पालथा ठेवते. काल-परवापर्यंत शाळेतून आल्याबरोबर बडबडणारी मुलगी आता "काही नाही" या दोन शब्दांत दिवस संपविते. ही तिची ताटी.

या ताटीच्या आणखीही खुणा आहेत. सोमवार उजाडला की पोट दुखते आणि रविवारी मात्र दुखत नाही. कंपास हरवतो, पुन्हा घेऊन द्यावा तर पुन्हा हरवतो. वहीची पाने फाटलेली असतात आणि कारण विचारता तीन वेळा तीन निराळी कारणे मिळतात. डबा भरून दिलेला असतो, तरी मूल घरी येताच भुकेने अन्नावर तुटून पडते. दहा-वीस रुपये मागण्याचे निमित्त वारंवार निघू लागते, किंवा न मागताच डब्यातील पैसे कमी होतात. जवळचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्याने येणे, रात्री दचकून उठणे, बिछाना ओला होणे, आणि ज्याने कधी कोणावर हात उगारला नाही त्याने धाकट्या भावंडाला मारणे, हीही लक्षणे होत. यांपैकी एखादे लक्षण दिसले म्हणजे लगेच घाबरून जावे असे नव्हे. पोटदुखी ही पुष्कळदा नुसती पोटदुखीच असते. पण दोन-तीन खुणा एकत्र आल्या आणि आठवडे लोटले तरी गेल्या नाहीत, तर ताटीजवळ जाऊन बसण्याची वेळ आली आहे असे समजावे.

येथे कोणी म्हणेल की, महाराज, मुले चिडवायचीच. आम्हीही लहानपणी चिडवले आणि चिडवून घेतले. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. खेळ निराळा आणि छळ निराळा. खेळात दोघेही हसतात. आज एकावर डाव असतो, उद्या दुसऱ्यावर. आणि एकाने "पुरे" म्हटले की तो थांबतो. छळात हसणारे नेहमी तेच, रडणारा नेहमी तोच, आणि "पुरे" म्हटल्यावर तो वाढतो. वयाने, अंगाने, संख्येने किंवा पैशाने जो वरचढ आहे तो आपला वरचढपणा दुबळ्यावर पुन्हा पुन्हा चालवून पाहतो. आपल्या म्हणीत हे सारे नेमके आले आहे: मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव. मांजराला विचाराल तर ते खेळ म्हणूनच सांगेल, आणि कदाचित प्रामाणिकपणे सांगेल.

महाभारताच्या आदिपर्वात याचा मोठा बोलका दाखला आहे. गंमत अशी की, तेथे छळ करणारा दुर्योधन नसून आपला लाडका भीम आहे. हस्तिनापुरात पांडव आणि कौरव एकत्र वाढत होते. भीम धृतराष्ट्राच्या मुलांचे केस धरून त्यांना जमिनीवरून ओढी. पाण्यात खेळताना दहा-दहा जणांना कवटाळून बुडवी आणि अर्धमेले झाल्यावर सोडी. ती मुले फळांसाठी झाडावर चढली की बुंध्याला लाथ मारून झाड असे हालवी की फळांबरोबर मुलेही खाली पडत. व्यासमहर्षी स्पष्ट सांगतात की, भीमाच्या मनात द्वेष नव्हता. हा त्याचा पोरपणा होता. आपण असेच म्हणतो ना? "मनाने वाईट नाही हो आमचा मुलगा, जरा दांडगा आहे इतकेच." व्यासांनी भीमाचा हेतू निर्मळ म्हटला, पण म्हणून ज्यांचे केस ओढले गेले त्यांची कथा गाळली नाही. ती मुले पडत होती, बुडत होती आणि मनात काही साठवीत होती. पुढे दुर्योधनाने प्रमाणकोटीस भीमाला विष घातले आणि वेलींनी बांधून गंगेत टाकले. दुर्योधनाच्या पापाचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. विष घालणारा तो विष घालणाराच. पण त्या विषाची पहिली थेंबे कोठे गोळा झाली असावीत, हे ग्रंथकाराने आपल्यापासून लपविलेले नाही. नायकाच्या बालपणातील ही खोड इतक्या सरळपणे सांगणारा ग्रंथ आपल्या घरात आहे, याचा आम्हांस फार अभिमान वाटतो.

त्याच कथेत मोठी माणसे काय करीत होती? भीम नाहीसा झाला तेव्हा कुंतीने विदुराला बोलावून आपला संशय सांगितला. विदुराने सल्ला दिला की, बोलू नकोस, उरलेल्या मुलांना जप. आरोप केला तर दुर्योधन पुन्हा घात करील. भीम परत आल्यावर युधिष्ठिरानेही त्याला हेच सांगितले, गप्प राहा. विदुराइतका नीतिज्ञ दुसरा कोण? आणि त्या राजवाड्यात त्याचा सल्ला त्या घटकेपुरता शहाणपणाचाच असेल, कारण सिंहासनावर बसलेला बाप आंधळा होता, केवळ डोळ्यांनी नव्हे. परंतु त्या गप्प बसण्यानंतर लाक्षागृह आले, द्यूत आले. ज्या घरात बोलण्याची सोय नसते तेथे असेच होते. आपले घर हस्तिनापूर नव्हे. आपल्या घरी तरी ही सोय असावी.

मूल बोलत का नाही, याचे मर्म श्रीमद्भागवताच्या चतुर्थ स्कंधात ध्रुवाख्यानात आले आहे. पाच वर्षांचा ध्रुव बापाच्या मांडीवर चढू लागला आणि सावत्र आई सुरुचीने त्याला शब्दांनी हाकलले. राजा उत्तानपाद जवळच होता. त्याने पाहिले आणि तो गप्प राहिला. ध्रुव रडत आईकडे गेला. ओठ थरथरत होते, श्वास दाटला होता. सुनीतीने त्याला मांडीवर घेतले. पुढचा तपशील मोठ्या मोलाचा आहे. काय घडले हे तिला ध्रुवाने सांगितल्याचे भागवत म्हणत नाही. वाड्यातील लोकांच्या तोंडून तिला ते कळले. मुलाच्या तोंडून शब्द फुटतच नसतो. अपमानाची गोष्ट पुन्हा उच्चारणे म्हणजे तो अपमान पुन्हा भोगणे. शिवाय "सांगितलेस तर बघ" ही धमकी असते, आणि सांगितले तर बाबा शाळेत येऊन आरडाओरडा करतील, मग सगळा वर्ग अधिकच हसेल, ही धास्ती असते. म्हणून सुनीतीने आधी मांडीवर घेतले, मग आजूबाजूच्यांकडून जाणून घेतले. प्रश्नांची सरबत्ती केली नाही.

पुढे वनाच्या वाटेवर नारद भेटले. त्यांनीही आरंभी तेच म्हटले जे आपण म्हणतो: बाळ, तू लहान आहेस, खेळण्याच्या वयात तुला कसला मान आणि कसला अपमान? दैवाने दिले त्यात समाधान मानावे. उपदेश देवर्षींचा होता, शास्त्रशुद्ध होता. ध्रुवाने तो नम्रपणे ऐकला आणि म्हटले की, सुरुचीच्या शब्दबाणांनी माझे हृदय फुटले आहे, त्यात आपला उपदेश ठरत नाही. फुटक्या भांड्यात पाणी कसे राहील? आणि नारदांचा मोठेपणा पाहा. ते रागावले नाहीत, "उलट बोलतोस" म्हणाले नाहीत. ते प्रसन्न झाले आणि त्यांनी त्याला मंत्र दिला, यमुनातीरी मधुवनाची वाट दाखविली. आणि नंतर स्वतः राजवाड्यात जाऊन उत्तानपादाची भेट घेतली. मुलाला बळ दिले आणि मुलाच्या बापाशी जाऊन बोलले, ही दोन्ही कामे देवर्षींनी केली. "लक्ष देऊ नकोस" एवढे सांगून ते निघून गेले नाहीत.

ज्याला नारद भेटत नाही त्याचे काय होते? त्याचे उत्तर कर्ण आहे. रंगभूमीवर अर्जुनाला आव्हान देण्यास तो उभा राहिला तेव्हा कृपाचार्यांनी कुळ विचारले आणि त्याची मान खाली गेली. दुर्योधनाने पुढे होऊन त्याला अंगदेशाचे राज्य दिले. इतक्यात वृद्ध अधिरथ आला. कर्णाने अभिषेकाने भिजलेले मस्तक त्याच्या पायांवर ठेवले. आणि भीम म्हणाला, तू आपल्या कुळाला शोभेल असा चाबूकच हाती धर. भरलेल्या त्या रंगभूमीत सज्जनांची वाण नव्हती. पण अपमानित तरुणाच्या बाजूने उभा राहिला तो एकटा दुर्योधन. कर्णाचे सारे आयुष्य त्या एका उपकाराला बांधले गेले. आज आपल्या वस्त्यांतही हेच घडते. ज्या मुलाला वर्गाने टाकले त्याला नाक्यावरची टोळी जवळ घेते. तेथे त्याला नाव मिळते, पाठराखण मिळते, आणि त्या बदल्यात काय मागितले जाईल हे त्याला तेव्हा कळत नाही. सज्जनांनी जागा रिकामी ठेवली की ती रिकामी राहत नाही.

छळाचे परिणाम मनापुरते राहत नाहीत. झोप जाते, अभ्यास जातो, आत्मविश्वास जातो. कित्येकांची उदासीनता मोठेपणीही सुटत नाही. आणि कधी जीवच जातो. शिकलेल्या, मोठ्या झालेल्या मुलांतही हा प्रकार रॅगिंग या नावाने चालतो. आपल्या गुजरातेत पाटणजवळच्या धारपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयात नोव्हेंबर 2024 मध्ये पहिल्या वर्षाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी कोसळून मरण पावला. वरच्या वर्गातील मुलांनी त्याला व त्याच्या सोबत्यांना सुमारे तीन तास उभे केले होते अशी फिर्याद झाली आणि पंधरा विद्यार्थ्यांवर गुन्हा नोंदला गेला. त्याआधी मे 2019 मध्ये मुंबईत जळगावची तरुण डॉक्टर पायल तडवी हिने आपले जीवन संपविले. तिच्या जातीवरून तिला हिणवले जात असल्याचा आरोप तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर ठेवण्यात आला. ती आपल्या खानदेशची मुलगी, आदिवासी तडवी समाजात जन्मलेली, कष्टाने डॉक्टर झालेली. न्याय-अन्यायाचा निर्णय न्यायालयाचा आहे. आपण एवढेच ध्यानात घ्यावे की, रोग्यांचे प्राण वाचविण्याचे शिक्षण जेथे मिळते तेथेही हे शिक्षण आपोआप मिळत नाही. ते त्याआधी, घरात आणि अंगणात मिळावयास हवे.

आता थोडे अप्रिय बोलतो. आपण येथवर ऐकताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपले मूल ताटीच्या आत आले असेल. ताटीच्या बाहेर, हसणाऱ्या घोळक्यात, ते आले का? कारण गणित साधे आहे: छळल्या जाणाऱ्या एका मुलामागे छळणारी दोन-चार आणि बघून हसणारी दहा-वीस असतात. तीही कोणाच्या तरी घरचीच असतात.

गावाकडून नवा आलेला एखादा मुलगा अहिराणी बोलतो. "माझे" या शब्दाच्या जागी "मना" म्हणतो. त्याचे हसे कोण करते? परके लोक करतात त्याहून अधिक आपलीच मुले करतात, ज्यांच्या आज्या आजही घरात त्याच भाषेत नातवंडांना जेवायला हाका मारतात. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकणाऱ्याला इंग्रजी शाळेत शिकणारा त्याचाच मावसभाऊ कमी लेखतो. काळा, जाडा, तोतरा, चष्मेवाला, दोरे तोडणाऱ्याचा पोर, दारुड्याचा पोर, अशी नावे गल्लीत तयार होतात आणि ओट्यावर बसलेली मोठी माणसेही ती हसून उच्चारतात. खानदेशी बोलीला हसणाऱ्या मुलांना हे सांगावयास हवे की, बहिणाबाई चौधरी अक्षर न शिकता ज्या बोलीत गायिल्या तीही खानदेशचीच. त्यांच्या गाण्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात 1952 साली निघाले आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण खरे सांगायचे तर हे सांगण्याची पाळी यावी हेच दुःखद आहे. बहिणाबाई झाल्या नसत्या तरी त्या मुलाची बोली हसण्याजोगी ठरली नसती.

पूर्वी निदान घरी आल्यावर सुटका होती. आता मोबाईलमधून छळ घरात, अंथरुणात येतो. एखाद्याचे वेडेवाकडे छायाचित्र काढावे, त्यावर नाव लिहावे आणि व्हॉट्सअॅपच्या गटात टाकावे. रात्रभर चाळीस मुले हसतात आणि एक जागे राहते. ज्याने ते स्वतः काढले नाही, नुसते पुढे पाठविले, त्यालाही पैठणच्या सभेतील आसनच मिळावयाचे.

कोणी म्हणेल, मुक्ताबाईने तरी ज्ञानदेवांना सहन करण्यासच सांगितले. मग आम्ही मुलांना तेच सांगितले तर काय चुकले? हा प्रश्न आम्हांस अनेकांनी विचारला आहे. उत्तर असे की, मुक्ताबाई स्वतः त्याच आगीत होती. तिलाही तेच नाव चिकटवले होते, तिलाही त्याच गावाने टाकले होते. पोळलेल्याने पोळलेल्याला धीर द्यावा हे निराळे, आणि ज्याच्या हाती अधिकार आहे, जो शाळेत जाऊन बोलू शकतो, शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसू शकतो, त्याने क्षमेचा उपदेश करून मोकळे व्हावे हे निराळे. आळंदीकर मोठ्या माणसांनी मुलांना क्षमा शिकविली असती तर ती क्षमा ठरली असती काय? शिवाय मुक्ताबाईने दार फोडले नाही, बाहेरून ओरडली नाही, "इतके काय झाले" असे म्हणाली नाही. ती बसली. आत कोण आहे हे ओळखून बसली. तुझ्या हातून मोठे कार्य व्हावयाचे आहे ही आठवण तिने दिली. ताटी उघडली, आणि परंपरेप्रमाणे शके 1212 मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याच मुलाच्या वाणीतून ज्ञानेश्वरी अवतरली. शेवटी त्याने देवाजवळ पसायदान मागितले त्यात आपल्याला छळणाऱ्यांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनाचा वाकडेपणा तेवढा जावा असे मागितले.

म्हणून कामाचे चार शब्द. मुलाशी बोलताना समोर बसवून चौकशी करू नये. भाजी निवडताना, मंदिराकडे चालताना, रात्री दिवा मालवल्यावर बोलावे, कारण डोळ्याला डोळा न भिडता जीभ लवकर सैल होते. पाळीवरून येणाऱ्या वडिलांना आठवड्यातून एक संध्याकाळ मिळाली तरी पुरे. मुलाने सांगितले तर पहिला शब्द "तू काय केलेस?" असा नसावा, "बरे झाले सांगितलेस" असा असावा. त्याला विचारल्यावाचून शाळेत धावू नये, पण त्याला बरोबर घेऊन वर्गशिक्षकांकडे अवश्य जावे, आणि काय घडले, कोणत्या दिवशी, कोणासमोर, हे लिहून न्यावे. मोबाईलवरील मजकूर पुसू नये, जपून ठेवावा. घरात उपाय खुंटला तर 1098 या क्रमांकावर बालकांसाठी विनामूल्य साहाय्य मिळते. महाविद्यालयातील रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा क्रमांक आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयास रॅगिंगविरोधी समिती ठेवावी लागते. कायद्याचे नाव घेण्यात अधर्म नाही.

आणि आपले मूल छळणारे निघाले तर? तर त्याला बदडून काढणे हा उपाय नव्हे. वरचढाने दुबळ्याला मारावे हाच धडा त्याला पुन्हा मिळेल. ज्याला दुखावले त्याच्याकडे त्याला घेऊन जावे, आणि आपणही बरोबर जावे.

या बाबतीत विसोबांची कथा विसरू नये. आळंदीस या भावंडांचा सर्वांत अधिक द्वेष करणारे ते विसोबा चाटी. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. सुरतकरांना हा धंदा नवा नाही. ते पोरवयाचे नव्हते, प्रतिष्ठित गृहस्थ होते. निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली आणि लहानगी मुक्ता कुंभाराकडे खापर आणावयास गेली, तेव्हा या थोर माणसाने आठ-नऊ वर्षांच्या मुलीला अडविले आणि कुंभारवाड्यात ताकीद दिली की हिला खापर देऊ नका. कुंभारांना मुलीची दया आली नसेल असे नाही. पण कोणी बोलले नाही. ती रडत घरी आली. ज्ञानदेवांनी योगाग्नीने आपली पाठ तापविली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले. पैठणच्या आसुडाचा वळ जिच्यावर उठला तीच ही पाठ. फजिती पाहावयास आलेले विसोबा हे लपून पाहत होते. त्यांचा अहंकार गळाला, त्यांनी मुलांचे पाय धरले. मुलांनी त्यांना हाकलून दिले नाही. मुक्ताबाईच्या तोंडून निघालेल्या शब्दावरून पुढे त्यांचे नावच विसोबा खेचर पडले, आणि ते त्यांनी आयुष्यभर आनंदाने मिरविले.

पुढे पंढरीच्या नामदेवांना गुरूवाचून आपण कच्चे आहोत असे कळून आले. गुरू शोधण्यासाठी त्यांना औंढ्या नागनाथाच्या देवळात जाण्याची आज्ञा झाली. तेथे त्यांना जे वृद्ध भेटले आणि ज्यांनी त्यांच्या मस्तकावर हात ठेवला, ते हेच विसोबा.